जावळ, घोंगडी आणि कुंपण

"मी मान हलवल्याशिवाय दाबायचं नाही, असं ठरलं होतं ना, आत्याबाई?"

"तुझी मान तर सारखीच हालती. वाजवायला बसली की कोंबडीवानी हालती. त्यातली कोणची धरू मी?"

"मोठ्यानं हलवते ती."

"ती हालायच्या आधीच तो बाप बोलाया लागला. मग दाबलं."

"अहो, त्यांना बोलूच द्यायचं होतं. त्यांचं वाक्य संपलं की मग आवाज बदलायचा."

"लई बोलतो तो. पोरीला जाऊ देत नाय, अन् वरून भाषण देतो."

भांडण सासू-सुनेचं होतं, पण घरातलं नव्हतं. गारखेड्यातल्या एका शाळेच्या हॉलमध्ये आमच्या नाटकाची तालीम चालली होती आणि गिटारच्या अॅम्पच्या दोन बाजूंना बसून या दोघी एकमेकींना सुनावत होत्या. सून ज्ञानेश्वरी गिटार मांडीवर घेऊन खुर्चीत. सासू सखूबाई प्लास्टिकच्या स्टुलावर, पदर खोचलेला, एक बोट अॅम्पच्या बटणावर. समोर मी, दिग्दर्शक म्हणून, हातात संहिता घेऊन. आणि ज्यांचं वाक्य नुकतंच बुडालं होतं ते रामहरीकाका, नाटकातले बाप, रंगमंचाच्या मधोमध कमरेवर हात ठेवून उभे. रामहरीकाका निवृत्त तलाठी. त्यांचं वाक्य मध्येच तोडायची हिंमत नोकरीभर कोणी केली नव्हती.

अॅम्प म्हणजे मोठ्या सुटकेसएवढं काळं खोकं. गिटारची वायर त्यात खोचली की आवाज त्यातून येतो. ज्ञानेश्वरीच्या अॅम्पला दोन चॅनल होते. पहिल्यात तार छेडली की तारेचा आवाज यायचा, स्वच्छ, ओल्या काचेसारखा. दुसरा चॅनल लावला की लाल दिवा लागायचा आणि आवाज फाटायचा. हे फाटणंही दोन प्रकारचं होतं, दोन मोड: एक नुसता खरखरीत, दुसरा पार चिंध्या झालेला. चॅनलला एक बटण, मोडला एक. गिटार वाजवणारे सहसा ही बटणं हातानं दाबत नाहीत, कारण त्यांचे दोन्ही हात अडकलेले असतात. त्यासाठी जमिनीवर ठेवायचं पेडल असतं, पायानं दाबायचं. पण ज्ञानेश्वरीनं अॅम्प ज्या मुलाकडून घेतला त्यानं पेडल आधीच कुठंतरी हरवलं होतं आणि गिटारचा नाद सोडून तो पुण्याला निघून गेला होता.

त्यामुळं तालमीत आवाज बदलायची वेळ आली की कोणीतरी पळत येऊन बटण दाबायचं. एकदा बापाच्या हातून कानाखाली खाल्लेली मुलगीच उठून अॅम्पपाशी गेली, बटण दाबून परत आली आणि मग रडायला लागली. मुलीचं काम करणारी मंतशा म्हणाली की असं करून मला रडू येत नाही, ताई, हसू येतं.

त्या दिवशी सखूबाई हॉलच्या कोपऱ्यात भिंतीला टेकून पेंगत होती. मुलगा विश्वजीत वाळूजला कंपनीत, सेकंड शिफ्टला. घरात एकटी भिंती बघत बसणार नाही म्हणून सुनेमागं आलेली. ज्ञानेश्वरीनं नाइलाजानं तिला हाक मारली, आत्याबाई, जरा हे दाबता का. सखूबाईनं दाबलं. आवाज बदलला तशी तिची झोप उडाली, आणि त्या स्टुलावरून तिला कोणी उठवू शकलं नाही.

सखूबाई धनगराच्या घरातली. पैठणच्या बाजूला गाव, आणि सारा जन्म मेंढरांमागं. नवरा गेला, गुडघे गेले, मेंढरं विकली, तेव्हा विश्वजीत तिला पुंडलिकनगरच्या फ्लॅटमध्ये घेऊन आला. शहरात तिला एकच गोष्ट खटकली: माणसं दारं लावून बसतात आणि कोणाला कोणाचं कामच पडत नाही. मग ती गॅलरीत बसायला लागली आणि खालून जाणाऱ्या प्रत्येकाला, कुठं चालला, म्हणून विचारायला लागली. डिलिव्हरीची पोरं सुरुवातीला गोंधळली, नंतर थांबून उत्तर द्यायला लागली, पुढं पुढं तर तिच्याशी घरच्या गोष्टी बोलत उभी राहायला लागली. पार्सलं उशिरा येतात अशी सोसायटीनं विश्वजीतकडं तक्रार केली. त्यानं आईला समजावलं. ती ऐकून गप्प बसली, आणि ते गप्प बसणं ज्ञानेश्वरीला जास्त लागलं.

अॅम्पवर आल्यापासून मात्र बाईचा नूरच पालटला. पहिल्याच आठवड्यात तिनं तिन्ही आवाजांचं बारसं उरकलं. स्वच्छ आवाज ऐकून म्हणाली, हे जावळ. कोकराची पहिल्यांदा कातरलेली लोकर, हातात घेतली तर घेतल्यासारखी वाटत नाय. दुसरा खरखरीत ऐकून म्हणाली, ही घोंगडी, टोचती पण ऊब देती. तिसरा ऐकला आणि तिनं बोट चटकन मागं घेतलं. म्हणाली, हे कुंपण. बाभळीचं. आत जाणाऱ्याला पण ओरबाडणार, भाईर येणाऱ्याला पण. तेव्हापासून आमच्या नाटकात चॅनल आणि मोड हे शब्दच बंद झाले. माझ्या संहितेच्या समासात 'इथे घोंगडी' आणि 'हळूहळू जावळ' असं लिहिलेलं असायचं. प्रकाशयोजना बघणारा मुलगासुद्धा विचारायचा, कुंपणावर लाल मारू का.

तालीम सुरू करायच्या आधी मी सगळ्यांना विचारते, तयार? मग आपोआप तिलाही विचारायला लागले. "सखूबाई, तयार?" ती स्टूल पुसायची, बसायची, बोट बटणावर ठेवायची आणि मग म्हणायची, "व्हय. चालू द्या." ते ऐकल्याशिवाय कोणी पहिलं वाक्य बोलायचं नाही. पुंडलिकनगरात तिनं सगळ्यांना सांगून टाकलं होतं की मी नाटकात मशीनवर असते. गॅलरी रिकामी पडली आणि पार्सलं वेळेवर यायला लागली.

अडचण एकच. नाटकातला बाप तिला आवडत नव्हता.

प्रसंग असा: मुलगी घर सोडून निघालीय. बाप तिला म्हणतो, "दार उघडं आहे. पण परत येशील तेव्हा ते असंच असेल, असं समजू नकोस." खाली गिटार अगदी हलकी, जावळात. वाक्य संपलं की ज्ञानेश्वरी मान हलवणार आणि एकदम कुंपण. हे कागदावर. प्रत्यक्षात "दार उघडं आहे" इथपर्यंत आलं की सखूबाईच्या कपाळावर आठी चढायची, आणि "पण" म्हणायच्या आत कुंपण. पुढचं सगळं वाक्य बाभळीत. रामहरीकाकांचे ओठ हलताना दिसायचे, बस.

समजावून झालं, विनवून झालं. ती म्हणायची, दार उघडं हाये म्हणाला ना, मग झालं की, पुढचं कामून बोलतो. काका तिच्याशी बोलायचे बंद झाले होते. माझ्यामार्फत बोलायचे, ती समोर असताना. एके दिवशी त्यांनी मला बाजूला घेऊन शांतपणे सांगितलं की संपूर्ण नाटकात मला टाळी मिळावी असं हे एकच वाक्य आहे, मॅडम. ते ऐकू तरी जाऊ द्या, नाहीतर दुसरा बाप बघा. नाट्यस्पर्धा तोंडावर आलेली. दुसरा बाप आणायचा कुठून?

तेवढ्यात खंडेनवमी आली. त्या दिवशी घरातल्या हत्यारांची पूजा. सखूबाईच्या माहेरी-सासरी कातरीची पूजा व्हायची, काठीची व्हायची. इथं तिनं मिक्सर पुजला, विश्वजीतची मोटरसायकल पुजली, आणि सगळ्यात शेवटी, सगळ्यात मन लावून, अॅम्प. पाणी शिंपडलं. ओल्या बोटानं एकेका बटणाला हळद, एकेकाला कुंकू. वर मूठभर कुंकू उधळलं, ते फटीफटीतनं आत गेलं. झेंडूचा हार घातला. दुसऱ्या दिवशी तालमीत आवाजाचं बटण फिरवलं की अॅम्प असा खाकरायचा, जणू कोणी कोरडी पानं तुडवत येतंय. सखूबाई म्हणाली, चौथा आवाज हाये का काय ह्यो. हसायच्या मनःस्थितीत कोणी नव्हतं.

ज्ञानेश्वरी आणि मी अॅम्प स्कूटीवर मधे धरून उस्मानपुऱ्याला जावेदभाईंच्या दुकानात घेऊन गेलो. जावेदभाई लग्नाच्या ऑर्केस्ट्रांची यंत्रं दुरुस्त करतात. त्यांनी झाकण उघडलं, ब्रश फिरवला, आणि समोरच्या कापडावर लालभडक पूड पडली. ते बराच वेळ त्या पुडीकडं बघत राहिले.

"ताई, मशीनचं लग्न लावलं का काय?"

आम्ही खंडेनवमीचं सांगितलं. त्यांनी मान डोलावली, मग पुजलं ते बराबर केलं म्हणाले, फक्त पुढच्या वर्षी सुक्या कुंकवाचं लांबून एकच बोट. साफसफाई करताना त्यांना अॅम्पच्या मागं पेडलचं भोक दिसलं, आणि आमचं पेडल कुठंय म्हणून विचारलं. नाही म्हटल्यावर आतल्या कपाटातून एका मेलेल्या अॅम्पचं पेडल काढून आणलं. दोन बटणांचं. खोचून बघितलं तर बसलं आणि चाललं. ज्ञानेश्वरीनं पाय ठेवला: जावळ. घोंगडी. कुंपण. परत जावळ. तिचा चेहरा मी कधी इतका उजळलेला बघितला नव्हता.

"पण एक ध्यानात ठेवा," जावेदभाई म्हणाले. "ये पाँववाला लगाया, तो ऊपरवाला बटन मुर्दा. दबाओ, दबता बराबर. होता कुछ नै."

 परत येताना सिग्नलला थांबल्यावर ज्ञानेश्वरी मागून म्हणाली, आत्याबाईंना कसं सांगायचं? मी म्हटलं, सरळ सांग. ती म्हणाली, सांगितलं तर त्या काही म्हणणार नाहीत, उठून घरी जातील आणि गॅलरीत बसतील. आणि आता तर विचारणारसुद्धा नाहीत कोणाला कुठं चालला म्हणून. सिग्नल सुटला. पुढच्या चौकापर्यंत दोघींचंही ठरलं होतं. पेडल ज्ञानेश्वरीच्या पायाशी, वरून तिची काळी ओढणी. वरचं बटण सखूबाईचं. दबतं तर बराबर.

त्यानंतरच्या तालमी म्हणजे स्वर्ग. काकांचं वाक्य पहिल्यांदा शेवटपर्यंत ऐकू आलं आणि ते इतके खूश झाले की रोज थोडं थोडं लांबवायला लागले. सखूबाईनं पहिल्या दिवशी "पण"च्या आधी बटण दाबलं आणि मग आपल्या बोटाकडं बघितलं. पदरानं बटण पुसलं. सुनेला विचारलं की आत अजून कुंकू राहिलंय का. ज्ञानेश्वरी म्हणाली की दुरुस्तीनंतर मशीन जरा उशिरा ऐकतंय.

"मंग मी जरा आधी दाबत जाते," सखूबाई म्हणाली.

आणि खरंच, ती बापाच्या वाक्याच्या आधीच्या वाक्यालाच दाबायला लागली. पुढं काही दिवसांनी ती भांडायचीही थांबली. वेळेवर यायची, स्टूल पुसायची, व्हय म्हणायची, दाबायची, घरी जायची. ज्ञानेश्वरी म्हणाली, बघ, सवय झाली त्यांना.

स्पर्धेच्या दिवशी नाट्यगृह बऱ्यापैकी भरलं होतं. वादकांसाठी रंगमंचाच्या डाव्या कडेला, प्रेक्षकांना दिसेल असा, छोटा चौथरा केला होता. सखूबाई हिरवं लुगडं नेसून आली होती. नाटक छान चाललं होतं. मी विंगेत उभी राहून नखं खात होते. बाप आणि मुलगी समोरासमोर आले. गिटार जावळात. सखूबाईनं चॅनल दाबला, मोड दाबला. अर्थातच काही झालं नाही. मग ती, काहीतरी खाली पडलंय अशी, अॅम्पच्या मागं वाकली.

काका म्हणाले, "दार उघडं आहे."

आणि कुंपण.

असं कुंपण मी तोवर ऐकलं नव्हतं. पहिल्या रांगेतल्या बाईनं कानावर हात ठेवले. ज्ञानेश्वरीनं पेडल दाबलं. परत दाबलं. ओढणी बाजूला सारून टाचेनं दाबलं. पेडल दबत होतं बराबर, होत काही नव्हतं, कारण त्याची वायर आता सखूबाईच्या मांडीवर होती. ज्ञानेश्वरीनं तारांवरचा हात काढला, तर अॅम्प स्वतःच शिट्टी मारायला लागला. काकांचे ओठ हलले, थांबले. त्यांनी वाक्य पुन्हा सुरुवातीपासून घेतलं. तेही गेलं. मागच्या कुठल्यातरी रांगेतून हसू आलं. स्टुलावर सखूबाई ताठ बसली होती, बोट बटणावर, नजर बापावर.

तेव्हा मंतशा, जिला त्या क्षणी फक्त पाठ फिरवून उभं राहायचं होतं, वळली आणि काकांच्या जवळ गेली. मोठ्यानं म्हणाली, "बोला, बाबा. मला ऐकायचंय."

हे संहितेत नव्हतं.

सखूबाईनं मंतशाकडं बघितलं. मग बटण दाबलं. शिट्टी थांबली, लाल दिवा गेला. त्या शांततेत काका बोलले, अजिबात न लांबवता, जरा घोगऱ्या आवाजात, रागानं भरलेल्या आणि घाबरलेल्या माणसासारखे. टाळी आली नाही. कोणी हललंही नाही. पुढचं सगळं नाटक सखूबाईनं हातानं चालवलं आणि ज्ञानेश्वरीचे पाय खुर्चीखाली गुंडाळलेले होते.

पडदा पडल्यावर मेकअपच्या खोलीत ज्ञानेश्वरीनं आधी दार लावलं. काका आरशासमोर मिशी सोडवत होते, मंतशा ओंजळीनं पाणी पीत होती, आणि मी मधे.

"सगळ्यांच्या देखत असं करायचं होतं का, आत्याबाई? घरी बोलायचं."

सखूबाई म्हणाली की घरी बोलले असते, पण घरी तू माझ्या डोळ्याला डोळा देत नव्हतीस. मग तिनं सांगितलं ते आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं. लाल दिवा तिच्या बोटानं लागत नाही, सुनेच्या पायानं लागतो, हे तिला दुरुस्तीनंतरच्या पहिल्या आठवड्यातच दिसलं होतं. शेअर रिक्षात बसून ती एकटी उस्मानपुऱ्याला गेली होती. जावेदभाईंना म्हणाली, मशीनवाली मी हाये, मशीनला काय झालं ते मला सांगा. त्या भल्या माणसानं चहा पाजून सगळं सांगितलं, वायर कुठून निघते तेही दाखवलं.

"तेव्हाच का नाही काढली मग?"

"बघत व्हते, तू कधी सांगतीस."

 काकांनी मिशी काढायची थांबवली होती.

"मला येऊ नका म्हनली असतीस तर मी बसले असते की घरी," सखूबाई म्हणाली. "मेलेलं बटण कामून दिलंस हातात?"

"घरी बसला असतात म्हणूनच दिलं."

 सखूबाईनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, परत गुंडाळलं. मला वाटलं आता रडेल. ती म्हणाली की माझ्यापायी त्या माणसाचं वाक्य पडलं हे काय बरं झालं नाय, आणि पहिल्यांदाच थेट काकांकडं बघितलं. काका आरशातूनच म्हणाले की दुसऱ्यांदा बरं झालं. मग जरा थांबून म्हणाले, पण दोनदा घ्यायला लागू नये. हे त्यांनी माझ्यामार्फत नाही, तिलाच सांगितलं.

जालन्याच्या एका मंडळानं पुढच्या प्रयोगाचं विचारलं होतं. ते मी आत्ताच सांगून टाकलं, खोलीतली हवा जरा हलावी म्हणून. ज्ञानेश्वरीनं पेडल उचललं, त्याला त्याचीच वायर गुंडाळली आणि माझ्या पिशवीत टाकलं.

"हे जावेदभाईंना परत देऊन टाक," ती मला म्हणाली. मग सासूसमोर जाऊन उभी राहिली. "आत्याबाई, जालन्याला बटण तुमचं. जिवंत. मी पायानं काही करणार नाही. पण काकांचं वाक्य पुरं होऊ द्यायचं, आणि मी मान हलवल्यावरच दाबायचं. कबूल आहे का?"

आम्ही सगळे सखूबाईकडं बघत होतो. काकांच्या ओठावर मिशी अर्धी लटकत होती.

सखूबाई उठली. मंचावरून आणून जमिनीवर टाकलेली गिटारची लांब वायर तिनं कोपर आणि पंजामध्ये वेटोळी घालत गोळा केली, सरपटणारं टोक झटकून आत घेतलं, सगळं भेंडोळं खांद्यावर टाकलं, दाराची कडी काढली, "व्हय. चालू द्या," म्हणाली आणि बाहेर पडली.